डेटा मॉडेलरमध्ये टीमची स्टँडर्ड्स बसवायची कशी: एका टॉवेल कारखान्याच्या मॉडेलवरून सविस्तर

आमच्या टीमचं नेमिंग स्टँडर्डचं, म्हणजे टेबल-कॉलमना नावं कशी द्यायची याचं, डॉक्युमेंट २२ पानांचं होतं आणि सगळ्यांनी ते वाचलेलंही होतं. तरी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्याचं मॉडेल, म्हणजे डेटाबेसमध्ये कुठली टेबलं आणि त्यात कुठले कॉलम याचा आराखडा, तीन महिन्यांनी उघडून बसलो तर एकाच माणसाला तीन नावं. ऑर्डरच्या टेबलात तो 'पार्टी_कोड', डिस्पॅचमध्ये 'कस्टमर_आयडी' आणि उधारीच्या टेबलात 'व्यापारी_नं'. एकीकडे नंबर टाइप, एकीकडे दहा अक्षरं, एकीकडे वीस. कुणी कामचुकारपणा केला नव्हता, तिघांनी आपापल्या डोक्यात जो शब्द होता तो टाकला आणि टूलने तिघांनाही काही विचारलं नाही.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच, स्टँडर्ड कागदावर ठेवून चालत नाही, ते टूलच्या सेटिंगमध्ये गेलं पाहिजे. नवीन कॉलम घेताना यादीत बरोबर टाइपच समोर आला, फॉरेन कीचं (एका टेबलातून दुसऱ्या टेबलाकडे जाणारा दुवा) नाव आपोआप पडलं आणि चुकलं की लगेच यादीत दिसलं, तर माणूस मुद्दाम वाकड्यात जात नाही. खाली जे लिहितोय ते ओरॅकल एसक्यूएल डेव्हलपर डेटा मॉडेलरवर केलेलं आहे, कारण ते फुकट आहे आणि सोलापुरात चार-पाच जणांच्या टीमला महागडं लायसन्स परवडत नाही. व्हर्जनप्रमाणे मेनूतली जागा थोडी इकडंतिकडं होते, नावं साधारण तीच राहतात. कॉलमची नावं मी इथे देवनागरीत लिहिलीत, टूलमध्ये रोमनमध्येच टाइप करायची.

आधी हे ओळखा की सेटिंग दोन ठिकाणी असते

इथेच निम्म्या टीम चुकतात. टूल्स मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये जे बदलता ते तुमच्या मशीनपुरतं राहतं. डाव्या बाजूच्या ब्राउझरमध्ये डिझाइनच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात सेटिंग्ज, तिथे जे बदलता ते त्या डिझाइनसोबत फाइलमध्ये सेव्ह होतं, 'डीएल_सेटिंग्ज' नावाची एक्सएमएल फाइल असते डिझाइनच्या फोल्डरमध्ये. म्हणजे नेमिंग टेम्प्लेट, ग्लॉसरी (ठरवलेल्या शब्दांची यादी), डायग्रामचे रंग या टीमच्या गोष्टी डिझाइनच्या सेटिंगमध्ये टाकायच्या, आणि प्रेफरन्सेसमध्ये फक्त मशीनच्या गोष्टी ठेवायच्या, जसं फोल्डरचे पाथ. आम्ही सुरुवातीला सगळं प्रेफरन्सेसमध्ये भरत बसलो, शेजारच्या पोराच्या मशीनवर तेच मॉडेल उघडलं तर त्यातलं काहीच नाही, आणि दोन दिवस आम्ही टूलमध्येच बग आहे असं समजून चाललो होतो.

एक तिसरी जागा पण आहे, ती नीट लक्षात ठेवा. प्रेफरन्सेसमध्ये 'डिफॉल्ट सिस्टिम टाइप्स डिरेक्टरी' नावाचा पाथ असतो. डेटा टाइपच्या व्याख्या, डिफॉल्ट डोमेन, तुम्ही लिहिलेल्या कस्टम स्क्रिप्ट हे सगळं या फोल्डरमध्ये राहतं. मूळचा पाथ इन्स्टॉलच्या फोल्डरच्या आत असतो, तो तसाच ठेवला तर नवीन व्हर्जन टाकलं की तुमचं सगळं काम जुन्या फोल्डरमध्ये अडकून बसतं. पहिल्या दिवशीच हे फोल्डर बाहेर काढा, प्रत्येकाच्या मशीनवर डी ड्राइव्हला एकाच नावाने ठेवा आणि सगळ्यांचा पाथ तिकडे वळवा. गिटचं (फाइलमधले बदल सांभाळणारं टूल) खाली सांगतो.

शब्द ठरवल्याशिवाय टूलला हात लावू नका

सोलापूरच्या कारखान्यात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा एकाच शेडमध्ये ऐकू येतात, त्यात हिशोबाच्या वहीतली भाषा वेगळी आणि जीएसटीच्या पोर्टलवरची अजून वेगळी. त्यामुळे आपल्याकडे शब्दांचं काम बाकीच्यांपेक्षा जास्त आहे. त्या कारखान्यात हिशोब बघणारे काका होते, त्यांच्या टेबलाशी स्टूल ओढून मी वही बघत बसलो. एका पानावर एका ओळीत ४० आणि खाली दुसऱ्या ओळीत परत ४०.

"काका, हे ४० म्हणजे काय ओ?"

"डझन की."

"आणि खालचे?"

"ती गाठी आहेत. टॉवेल किलोवर गेला तर मग किलो लिहितो, ते शेजारच्या रकान्यात."

आमच्या मॉडेलमध्ये या सगळ्यांसाठी एकच कॉलम होता, 'क्यूटीवाय' (क्वांटिटी). नग, डझन, गाठ, किलो, सगळं त्यात. हे टूलला कळायचा काही मार्ग नाही, काकांना मात्र वही उघडल्या उघडल्या कळतं. म्हणून पहिले दोन दिवस एका एक्सेलमध्ये शब्दच लिहा. डावीकडे कारखान्यात लोक काय म्हणतात, मग आपण मॉडेलमध्ये काय म्हणणार, मग त्याचं छोटं रूप, आणि शेवटी एका वाक्यात अर्थ. शंभर-दीडशे शब्द निघतात, त्यापेक्षा जास्त निघाले तर बहुतेक एकाच गोष्टीला दोन शब्द आहेत.

मराठी शब्द रोमनमध्ये लिहिताना प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, हा आपला खास त्रास. 'चलन' एकजण एका एलने लिहितो, एकजण दोन एलने, एकजण मधला एच गाळतो. आमचा नियम असा आहे की ज्या वस्तूला कारखान्यात सुद्धा इंग्रजी शब्दच चालतो, लूम, बीम, यार्न, त्याला तोच ठेवायचा. पण 'उचल' सारखा शब्द, म्हणजे कामगाराने पगाराआधी घेतलेली रक्कम, त्याला उगाच अॅडव्हान्स करू नका, कारण पार्टीकडून येणारा अॅडव्हान्स वेगळा आणि उचल वेगळी, दोन्हीला एकच नाव दिलं की रिपोर्टमध्ये घोळ ठरलेला. तसा शब्द मराठीच ठेवा आणि त्याचं एकच स्पेलिंग यादीत पक्कं करून टाका.

छोट्या रूपांमध्ये एक काळजी घ्या, एका छोट्या रूपाचा एकच अर्थ. 'डीटी' म्हणजे डेट ठरलं की डिटेलला 'डीटी' नाही, त्याला 'डीटीएल'. हे छोटं वाटतं, पण अशी दोन-तीन दुहेरी रूपं राहून गेली तर पुढे ग्लॉसरीची तपासणी कामाची राहत नाही.

मग टूल्समध्ये ग्लॉसरी एडिटर उघडा, नवीन फाइल करा आणि यादी भरा. प्रत्येक शब्दाला पूर्ण नाव, अनेकवचन, छोटं रूप, पर्यायी छोटं रूप आणि वर्णन असं भरता येतं, शिवाय तो शब्द प्राइम (मुख्य) आहे की क्लास आहे की मॉडिफायर (विशेषण) ते टिक करता येतं. क्लास शब्द म्हणजे कॉलमच्या शेवटी येणारा, जो सांगतो की आत काय प्रकारचा डेटा आहे. आमचे क्लास शब्द मोजकेच आहेत: आयडी, सीडी (कोड), एनएम (नाव), डीटी (तारीख), एएमटी (रक्कम), रेट, क्यूटीवाय, डब्ल्यूटी (वजन), एफएलजी (होय-नाही). वजन कधीही क्यूटीवायमध्ये नाही, ते डब्ल्यूटी आणि ते किलोतच. नग-डझनचा प्रश्न आम्ही असा सोडवला की क्यूटीवायने संपणाऱ्या प्रत्येक कॉलमशेजारी युनिटचा कॉलम पाहिजेच.

ग्लॉसरी तयार झाली की डिझाइनच्या सेटिंगमध्ये नेमिंग स्टँडर्डखाली ती फाइल जोडा. तिथेच लॉजिकल (माणसांना समजण्यासाठीचं) आणि रिलेशनल (प्रत्यक्ष टेबलांचं) मॉडेलसाठी शब्दांचा क्रम आणि मधलं सेपरेटर ठरवता येतं, आम्ही लॉजिकलला स्पेस आणि रिलेशनलला अंडरस्कोर ठेवलंय. आता लॉजिकल मॉडेलमध्ये 'लूम नंबर' असं माणसाला कळणारं नाव लिहायचं आणि रिलेशनल मॉडेलमध्ये नेताना, म्हणजे इंजिनियर टू रिलेशनल करताना, 'अप्लाय नेम ट्रान्सलेशन'वर टिक असली की ग्लॉसरीप्रमाणे छोटं रूप आपोआप पडतं. ती टिक लावायची राहिली तर सगळी लांबलचक नावं जशीच्या तशी टेबलात जातात, म्हणून नवीन माणसाला पहिल्यांदा ही टिक दाखवा.

डोमेन: सगळ्यात जास्त वेळ इथे घाला

मला विचाराल तर बाकी काही नाही केलं तरी चालेल पण डोमेन करा. डोमेन म्हणजे टाइप, लांबी आणि नियम यांना दिलेलं एक नाव, कॉलमला थेट टाइप न देता डोमेन द्यायचं आणि उद्या बदल आला की एकाच ठिकाणी बदलायचं. याची किंमत आम्हाला १ जुलै २०१७ ला कळली. व्हॅटचा नोंदणी नंबर, टिन, म्हणजे ११ आकडे आणि शेवटी व्ही, म्हणून जुन्या मॉडेलमध्ये कॉलम १२ अक्षरांचा होता. जीएसटीचा नंबर, जीएसटीआयएन, १५ अक्षरांचा आला, आणि तो कॉलम कुठल्या कुठल्या टेबलात आहे हे शोधण्यात आठवडा गेला, कारण कुठे 'टिन_नं', कुठे 'व्हॅट_नं', कुठे नुसतं 'टिन'. डोमेन असतं तर ते दहा मिनिटांचं काम होतं.

टूल्समध्ये डोमेन्स अॅडमिनिस्ट्रेशन उघडा. आमच्याकडची काही डोमेन कारणासकट सांगतो, तुमच्याकडे थोडंफार वेगळं असेल.

जीएसटीआयएन १५ अक्षरांचा, स्ट्रिंग (नंबर नाही, मजकूर). पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅन, मग नोंदणीचा क्रम, मग बहुतेक वेळा झेड, आणि शेवटचं चेक कॅरेक्टर. लांबी नेमकी १५ आहे की नाही हे चेक कन्स्ट्रेंटमध्ये (कॉलमवर लावलेला नियम) टाका, सगळी रचना चेकमध्ये लिहायचा मोह होतो पण ते अॅप्लिकेशनवर सोडा. पॅन १० अक्षरं, आयएफएससी ११, मोबाईल १० आणि तो स्ट्रिंगच, त्याची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही.

एचएसएन कोड, म्हणजे बिलावर लागणारा मालाच्या प्रकाराचा कोड, स्ट्रिंगच पाहिजे, इथे हट्ट धरा. टॉवेल आणि बेडशीटचा ६३०२ असल्यामुळे कापडवाल्यांना वाटतं नंबर ठेवला तरी काय बिघडतं. मग तोच सॉफ्टवेअर सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला दिला जातो, त्याचा कोड ०८१० ने सुरू होतो, आणि नंबर कॉलममध्ये पुढचं शून्य उडून ८१० राहतं. बिलावर चुकीचा कोड छापला जातो आणि ते पोर्टलवर भरायला घेईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

होय-नाहीसाठी एक अक्षर, वाय किंवा एन, आणि व्हॅल्यू लिस्ट डोमेनमध्येच भरलेली. ओरॅकलमध्ये २३एआय व्हर्जनच्या आधी टेबलच्या कॉलमला बुलियन (होय-नाहीचा) टाइप नव्हता, म्हणून एकजण ० आणि १ ठेवतो, एकजण वाय आणि एन, एकजण टी आणि एफ. एक ठरवा. रकमेला दोन दशांश, वजनाला तीन कारण सुताचं वजन ग्रॅमपर्यंत जातं, रेटला चार. हे आकडे आमच्या कामाचे, तुम्ही तुमच्या माणसांना विचारून ठरवा.

आता नाव आणि पत्त्याचं डोमेन, आणि हे मराठीत डेटा ठेवणाऱ्या प्रत्येकाने नीट वाचा. ओरॅकलमध्ये व्हारचार-टू या मजकुराच्या टाइपला नुसतं २० लिहिलं तर मूळ सेटिंगप्रमाणे ते २० बाइट धरतं, अक्षरं नाही. यूटीएफ-आठ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'सोलापूर' म्हणजे स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र, एकूण ७ चिन्हं म्हणजे २१ बाइट. २० च्या कॉलममध्ये आपल्या गावाचं नावच बसत नाही. जिल्ह्यातले ११ तालुके घेऊन बघा, २० बाइटमध्ये माढा, मोहोळ, बार्शी आणि करमाळा एवढे चारच बसतात. पंढरपूर, सांगोला, माळशिरस २१ वर, अक्कलकोट आणि मंगळवेढा २४ वर, उत्तर सोलापूर ३७, आणि 'दक्षिण सोलापूर' मधल्या स्पेससकट ४० बाइट. टेस्टिंग इंग्रजीत झालं तर सगळं पास होतं, आणि लाइव्ह गेल्यावर पहिल्याच दिवशी १२८९९ नंबरचा एरर येतो की व्हॅल्यू कॉलमपेक्षा मोठी आहे.

म्हणून डोमेनमध्ये लांबीसोबत युनिट्सचा रकाना असतो तो रिकामा सोडू नका, कॅरेक्टर निवडा. त्यासोबत प्रेफरन्सेसमध्ये डीडीएलखाली (डीडीएल म्हणजे टेबल बनवायची स्क्रिप्ट) व्हारचार-टूसाठी कॅर किंवा बाइट युनिट दाखवायची टिक आहे, ती लावा, म्हणजे स्क्रिप्टमध्ये २० नंतर कॅर असं उघड लिहून येतं आणि समोरच्याच्या डेटाबेसचं सेटिंग काहीही असो, तुमचा अर्थ बदलत नाही. अजून एक, कॅर लिहिलं तरी साध्या सेटिंगमध्ये ४००० बाइटची वरची मर्यादा राहतेच, म्हणजे 'शेरा' सारख्या मोठ्या कॉलममध्ये देवनागरीची १३३३ चिन्हंच मावतात. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ही भानगड नाही, तिथे व्हारचारची लांबी अक्षरांतच मोजतात.

डोमेन भरून झाली की डिझाइनच्या सेटिंगमध्ये मॉडेलखाली प्रेफर्ड डोमेन आणि प्रेफर्ड लॉजिकल टाइप निवडायची सोय आहे. आपली वीस-पंचवीस डोमेन तिथे घ्या. नवीन कॉलम घेताना लांबलचक यादीऐवजी एवढीच दिसतात, आणि माझ्या मते स्टँडर्ड पाळलं जाण्यात या एका सेटिंगचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

की आणि कन्स्ट्रेंटची नावं

डिझाइनच्या सेटिंगमध्ये नेमिंग स्टँडर्डखाली टेम्प्लेट्स आहेत. प्रायमरी कीला (टेबलातली प्रत्येक ओळ ओळखणारी की) टेबलचं नाव आणि पुढे '_पीके', फॉरेन कीला चाइल्ड (ज्यात दुवा आहे ते टेबल), पॅरेंट (ज्याकडे दुवा जातो ते) आणि '_एफके', असं महिरपी कंसातल्या व्हेरिएबलने लिहिलेलं असतं. मूळचं बरंच ठीक आहे. बदलायचं असेल तर लांबीसाठी बदला. ओरॅकलच्या १२.१ व्हर्जनपर्यंत नावाची मर्यादा ३० बाइट होती, १२.२ पासून १२८ झाली. पोस्टग्रेसमध्ये ६३ बाइट आणि तिथे नाव लांब झालं तर एरर येत नाही, फक्त एक नोटीस देऊन शेपूट कापलं जातं, मायएसक्यूएलमध्ये ६४ अक्षरं. कारखान्याच्या जुन्या सर्व्हरवर अजून जुनं ओरॅकल असू शकतं, त्यामुळे आम्ही फॉरेन कीत पूर्ण नावाऐवजी टेबलच्या अॅब्रिव्हिएशनचं व्हेरिएबल वापरतो. त्यासाठी प्रत्येक टेबलच्या प्रॉपर्टीमध्ये अॅब्रिव्हिएशन भरलेलं पाहिजे, चार-पाच अक्षरांचं आणि कुठेही रिपीट न झालेलं.

टेम्प्लेट बदललं म्हणून आधीची नावं आपोआप बदलत नाहीत. रिलेशनल मॉडेलवर राइट क्लिक करून 'अप्लाय नेमिंग स्टँडर्ड्स टू कीज अँड कन्स्ट्रेंट्स' चालवावं लागतं. चालू डेटाबेसवरून उचललेल्या मॉडेलवर हे चालवायच्या आधी थांबा, कारण मग मॉडेल आणि डेटाबेस कंपेअर केलं की शेकडो फरक दिसतात आणि त्यातला खरा एक बदल कुठे हरवला ते सापडत नाही.

डीडीएलमधलं 'यूज कोटेड आयडेंटिफायर्स' बंद ठेवा. अवतरणात नाव गेलं की ओरॅकल ते जसंच्या तसं जपतं आणि मग प्रत्येक क्वेरीत अवतरण लावत बसावं लागतं. अवतरण नसेल तर ओरॅकल नाव मोठ्या लिपीत नेतं आणि पोस्टग्रेस छोट्या, दोन्हीकडे काम चालून जातं.

सगळ्या टेबलात येणारे कॉलम

कुणी नोंद केली, कधी केली, शेवटचा बदल कुणी आणि कधी, हे चार कॉलम आम्हाला प्रत्येक टेबलात लागतात. हाताने टाकले की एका टेबलात राहूनच जातात. टूलसोबत यासाठी तयार ट्रान्सफॉर्मेशन स्क्रिप्ट येते. मॉडेलमध्ये 'टेबल_टेम्प्लेट' नावाचं एक टेबल करायचं, त्यात हे चार कॉलम डोमेनसकट टाकायचे, मग टूल्समध्ये डिझाइन रूल्स अँड ट्रान्सफॉर्मेशन्स, त्यात ट्रान्सफॉर्मेशन्स, आणि टेबल टेम्प्लेटची स्क्रिप्ट निवडून अप्लाय. बाकीच्या सगळ्या टेबलांत ते कॉलम येतात. फक्त हे टेम्प्लेटचं टेबल चुकून डीडीएलमध्ये जाऊ देऊ नका, जनरेट करताना त्याची टिक काढायची.

त्याच यादीत फॉरेन कीवर इंडेक्स (ओळी पटकन शोधण्याची सूची) बनवायची स्क्रिप्ट पण आहे, ती जरूर वापरा. ओरॅकल आणि पोस्टग्रेस फॉरेन कीवर स्वतःहून इंडेक्स करत नाहीत, मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन करतं. ओरॅकलमध्ये इंडेक्स नसताना पॅरेंटची ओळ डिलीट करायला गेलं की चाइल्ड टेबलवर लॉक लागतं, संध्याकाळी डिस्पॅचच्या गर्दीत स्क्रीन अडकून बसण्याचं आमच्याकडचं कारण तेच निघालं होतं.

तपासणीचे नियम

डिझाइन रूल्समध्ये मूळचे बरेच नियम आहेत, प्रायमरी की नसलेलं टेबल, कॉलमच नसलेलं टेबल, ग्लॉसरीत न बसणारं नाव. सगळे एकदम लावू नका. पहिल्या आठवड्यात पाच-सहाच, आणि टीमशी बोलून त्यातला प्रत्येक का आहे हे ठरवून. तीनशे वॉर्निंगची यादी आली की माणूस ती वाचतच नाही, बारा आल्या तर बाराही सोडवतो.

आपले नियम कस्टम रूल्समध्ये जावास्क्रिप्टने लिहायचे. टेबलवर चालणारा नियम असेल तर स्क्रिप्टला एकेक टेबल मिळतं, त्याच्या कॉलमवर फिरायचं आणि नियम मोडला तर फॉल्स परत करायचं. आमचा सगळ्यात उपयोगी नियम तोच क्यूटीवायचा, नाव क्यूटीवायने संपतंय आणि त्याच टेबलात युनिटचा कॉलम नाही, तर एरर. दुसरा, टेबलला कॉमेंट नसेल तर वॉर्निंग. कॉमेंट आम्ही मराठीत लिहितो, देवनागरीतच, आणि ते काकांना वाचून दाखवतो, त्यांनी मान हलवली की ते टेबल पक्कं.

ट्रान्सफॉर्मेशनची स्क्रिप्ट स्वतः लिहिणार असाल तर शेवटी त्या ऑब्जेक्टवर 'सेटडर्टी' ट्रू करायला विसरू नका. नाहीतर स्क्रीनवर बदल दिसतो, सेव्ह करता, दुसऱ्या दिवशी उघडलं तर जुनंच. आणि जुन्या स्क्रिप्ट नॅशहॉर्न या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या इंजिनवरच्या असतील तर जावाचं व्हर्जन बघा, जावा १५ पासून नॅशहॉर्न जावामधून काढून टाकलंय.

डायग्रामचं मी फार ताणत नाही. नोटेशन (चित्रातल्या खुणांची पद्धत) बार्कर ठेवा, बॅकमन ठेवा किंवा इन्फर्मेशन इंजिनियरिंग, टीमभर एकच असलं की झालं. रंगांसाठी क्लासिफिकेशन टाइप वापरा, आम्ही मास्टर टेबलांना एक, व्यवहाराच्या टेबलांना एक आणि तात्पुरत्यांना करडा दिलाय. कारखान्याच्या मालकांना दाखवायचं चित्र वेगळं ठेवा, त्यात फक्त टेबलांची नावं आणि की.

ज्यांच्याकडे एर्विन हे मॉडेलिंगचं टूल आहे त्यांना हेच नेमिंग स्टँडर्ड्स एडिटर, ग्लॉसरी आणि मॉडेल टेम्प्लेटमधून करता येतं, पॉवरडिझायनरवाल्यांना मॉडेल ऑप्शन्स आणि एक्स्टेन्शन फाइलमधून. क्रम मात्र तोच ठेवा, शब्द, डोमेन, टेम्प्लेट, मग नियम.

सगळ्यांच्या मशीनवर एकच राहण्यासाठी

डिझाइन म्हणजे एक डीएमडी फाइल आणि त्याच नावाचं फोल्डर, आत प्रत्येक टेबलची वेगळी एक्सएमएल फाइल. गिटमध्ये दोन्ही एकत्र टाका, नुसती डीएमडी ईमेलने पाठवली की समोरच्याकडे रिकामं मॉडेल उघडतं, हे आमच्याकडे दोनदा झालंय. टेबल वेगवेगळ्या फाइलमध्ये असल्यामुळे दोघांनी दोन टेबलांवर काम केलं तर भांडण होत नाही, पण डायग्राममध्ये दोघांनीही चौकोन इकडंतिकडं सरकवले की कॉन्फ्लिक्ट येतो आणि तो हाताने सोडवणं फार किचकट. म्हणून चित्राची मांडणी एकाच माणसाकडे द्या.

टाइप्स डिरेक्टरी आणि ग्लॉसरीची वेगळी रेपो (गिटमधला साठा) ठेवा, त्यात बदल ढकलायचा अधिकार दोघांनाच. बाकीच्यांना नवीन शब्द किंवा डोमेन हवं असेल तर कारणासकट मागायचं, आणि त्या दोघांनी त्याच दिवशी उत्तर द्यायचं, कारण उत्तर चार दिवस आलं नाही की माणूस आपल्या मनाने टाकून मोकळा होतो आणि त्यात त्याची चूक नसते. पुल करताना, म्हणजे रेपोतले नवीन बदल आपल्या मशीनवर घेताना, टूल बंद करा, मग उघडा.

जुना डेटाबेस उचललेला असेल तर त्याला नवीन नियमांचा सेट लावू नका, वेगळा छोटा सेट करा. त्यातली चुकीची नावं बदलायची नाहीत, कारण त्यांच्यावर कुणाचे तरी रिपोर्ट चालू असतात. ग्लॉसरीत त्या शब्दांची जुनं नाव म्हणून नोंद करा आणि नवीन टेबलांपासून नवीन नियम.

नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी आम्ही त्याच्याकडून एक छोटं मॉडेल करून घेतो, पार्टी आणि ऑर्डर अशी दोन टेबलं, ऑर्डरमध्ये जीएसटीआयएन, एचएसएन, तालुका, क्यूटीवाय आणि तारीख. मग डीडीएल जनरेट करायचं आणि रेपोत ठेवलेल्या नमुना डीडीएलशी लावून बघायचं. तालुक्याच्या कॉलमपुढे कॅर आलं नसेल तर त्याच्या मशीनवर युनिटची टिक लावायची राहिलीय, फॉरेन कीचं नाव वेगळं आलं तर डिझाइनची सेटिंग उचललेली नाही, आपली डोमेनच दिसत नसतील तर टाइप्स डिरेक्टरीचा पाथ चुकलाय. दोन्ही फाइल अक्षरशः सारख्या आल्या की शेवटी त्या तालुक्याच्या कॉलममध्ये 'दक्षिण सोलापूर' इन्सर्ट करून बघायला लावतो, आणि ते बसलं की मग त्याला खऱ्या मॉडेलचा अॅक्सेस.